वाजतं तिथे पैसे नाहीत

धरणगावात ‘आमची म्युझिक कंपनी आहे’ असं सांगितलं की समोरचा विचारतो, “किती माणसांची पार्टी? बँजो आहे का?” त्याचं काही चुकत नाही. खान्देशात संगीताचा धंदा म्हणजे बँड. लग्न ठरलं की आधी बँडवाला आणि आचारी यांच्या तारखा धरायच्या, बाकीचं मागाहून. त्यामुळे गायक शोधणारा, गीतकाराला बयाणा देणारा, रेकॉर्डिंग करून घेणारा, कागदांवर सह्या घेणारा आणि मग गाणं चालतं की पडतं याची वाट बघत बसणारा माणूस नेमकं काय करतो, हे माझ्या घरातही कुणाला नीट सांगता येणार नाही. वडील शेवटपर्यंत ‘कॅसेटचं दुकान’ म्हणत राहिले. तेव्हा दुकानात कॅसेट औषधालाही उरली नव्हती.

मला स्वतःला हे काम उमगलं ते जी. एन. जोशींच्या ‘स्वरगंगेच्या तीरी’ या पुस्तकामुळे. ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ गाऊन महाराष्ट्रभर पोचलेले, वकिलीचं शिक्षण घेतलेले हे गृहस्थ १९३८ साली एचएमव्हीत लागले आणि पुढची कित्येक वर्षं त्यांनी दुसऱ्यांची गाणी काढली. तास-तास आलापी करणाऱ्या उस्तादाला साडेतीन मिनिटांच्या तबकडीत बसवायचं, त्याचा रुसवा काढायचा, वर कंपनीला खर्चाचा हिशोब द्यायचा. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा हे तिघं तरुण असताना त्यांना एकत्र बसवून ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी निघाली, तीही जोशींच्याच देखरेखीखाली. पुस्तक वाचताना मला सारखं वाटे, या माणसाचा एक कान गाण्याकडे आणि एक डोळा घड्याळाकडे असणार. त्यांच्यासमोर बडे गुलाम अली खाँ बसायचे, माझ्यासमोर एरंडोलकडची आजी. काम तेच.

दुकान मी काढलं ते १९८०च्या दशकाच्या शेवटी, बाजारपेठेत, कपाशीच्या पैशातून. धरणगावचा बाजार जुना. इंग्रजांनी इथे १६७४ साली वखार टाकली आणि पुढच्याच वर्षी ती मराठ्यांनी लुटली, इतका जुना. पण या बाजारात गाणं विकायला ठेवलं गेलं ते कॅसेट आल्यावरच. तबकडी आणि ग्रामोफोन वाड्यात असायचे, टेप मात्र सालदाराच्या झोपडीतही पोचला. गुलशन कुमारांनी १९८३ साली टी-सीरिज सुरू केली आणि स्वस्त कॅसेटचा पूर आला. जुन्या गाण्यांना नवे गळे लावून विकण्याची वाट १९५७च्या कॉपीराइट कायद्यातच होती. मूळ रेकॉर्डिंगला दोन वर्षं झाली की ठरलेली रॉयल्टी भरून तेच गाणं दुसऱ्याकडून गाऊन घेता येई. आमच्यासारख्या दुकानात मात्र कायद्यापेक्षा यादीला महत्त्व. गिऱ्हाईक वहीच्या पानावर गाणी लिहून आणायचं, आम्ही विचारायचं साठची का नव्वदची, आणि दोन डेक जोडून रात्रभर भरत बसायचं. सगळीकडे हेच चाले.

त्या याद्यांतूनच धंद्याची दिशा कळली. हळदीच्या आदल्या दिवशी बाया यायच्या आणि विचारायच्या, “आपलं काही आहे का? हळदीचं, आपल्या बोलीतलं?” लतादीदी होत्या, दादा कोंडके होते, शिंदेंची भक्तिगीतं होती. अहिराणीतलं काही नव्हतं. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसून गौराईची गाणी म्हणतात. श्रावणात कानबाई ही देवी बसते. एवढी गाणी गावात, आणि दुकानात त्यातलं एकही नाही. ते भरून विकावं, एवढाच विचार. ‘बोलीचं जतन’ वगैरे शब्द मला पुष्कळ नंतर, सत्कारांच्या भाषणांत ऐकायला मिळाले.

कॅसेट काढायची म्हणजे काय, ते एकदा सांगून टाकतो, कारण आता ते माहीत असणारी माणसंही कमी होत चालली आहेत. जळगावात किंवा नाशकात स्टुडिओ घ्यायचा, गाणी रेकॉर्ड करायची, मास्टर टेप घेऊन मुंबई गाठायची. तिथे मोठ्या रिळावरच्या टेपवर डुप्लिकेशन व्हायचं, तुकडे कापून प्लास्टिकच्या कवचात गुंडाळले जायचे. कव्हर वेगळीकडे छापायचं. त्यावर गायिकेच्या फोटोपेक्षा देवीचा फोटो मोठा ठेवायचा, नाहीतर दुकानदार काउंटरवर लावत नसे. मग वितरक. तो उधारीवर माल उचलणार आणि न खपलेला दिवाळीनंतर परत करणार. कवचवाल्याला रोख, छापखान्याला अर्धे आगाऊ, स्टुडिओला तासावर. कॅसेटच्या किमतीत गाण्याचा वाटा सगळ्यांत शेवटी निघे, निघालाच तर. गायकाला एकरकमी पैसे आणि पाच-दहा कॅसेटी भेट, हा सगळ्यांचाच रिवाज होता. कागद कुणी करत नसे. केला तर शंभराच्या स्टँपवर दोन ओळी: ‘सर्व हक्क दिले.’

या दोन ओळी कायद्यापुढे किती लंगड्या आहेत, हे मला जळगावच्या एका वकीलसाहेबांनी चहा पिता पिता सांगितलं. हक्क किती मुदतीसाठी दिले ते लिहिलं नसेल तर ती मुदत पाच वर्षं धरली जाते. कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर भारतापुरतं धरलं जातं. आणि २०१२च्या दुरुस्तीनंतर तर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला वाटा सोडून देतो म्हटलं तरी सोडता येत नाही. वारसाला देता येतो किंवा त्यांच्या सोसायटीला, बाकी कुणाला नाही. आमच्या धंद्यातल्या निम्म्या लोकांना ही दुरुस्ती अजून माहीत नाही. उरलेल्या निम्म्यांना माहीत आहे, म्हणून ते कागदच करत नाहीत.

आता एरंडोलकडची आजी. कानबाईची गाणी म्हणणारी म्हणून आसपासच्या दहा गावांत तिचं नाव. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसली की रात्रभर हिचा आवाज. आम्ही तिला जळगावच्या स्टुडिओत आणलं. काचेपलीकडे संगीत संयोजक, पुण्याला शिकून आलेला हुशार पोरगा. त्याने आजीच्या कानांवर हेडफोन चढवले आणि मेट्रोनोम सुरू केला. आजी दोन ओळी गायली आणि थांबली. “हाई काय टकटक करी ऱ्हायनं भाऊ?” तिला समजावलं की हा ताल आहे, याला धरून म्हणायचं. ती पुन्हा सुरू झाली, पण तिसऱ्या कडव्यापर्यंत टकटक एकीकडे आणि आजी दुसरीकडे. संयोजक म्हणाला, आजी बेतालात आहे. मला ते पटेना. मी तिला गावात ऐकलं होतं. ही गाणी सुरुवातीला संथ असतात आणि बाया फेर धरू लागल्या की चढत जातात; शेवटच्या कडव्याची लय पहिल्याच्या दीडपट होते. ती तशीच व्हायची असते.

मग एक हेडफोन काढला, मग दुसराही. तरी गाणं बसेना, कारण समोरून झेलणारं कुणी नव्हतं. शेवटी गाडी परत पाठवून तिच्या गल्लीतल्या दोघी आणल्या. स्टुडिओच्या गालिच्यावर घरून आणलेली सतरंजी अंथरली, तिघींना गोल बसवलं, मधे एकच माइक, आणि ढोलकीवाल्याला सांगितलं, तू आजीकडे बघून वाजव. बांगड्यांचा आवाज येतो म्हणून इंजिनिअरने तक्रार केली. तो आवाज तसाच ठेवला. ती कॅसेट आमच्या घराला पुढची काही वर्षं पोसून राहिली. संयोजकाने कव्हरवर स्वतःचं नाव घालू नका म्हणून सांगितलं होतं. खपली तेव्हा पुढच्या आवृत्तीत घाला म्हणाला.

रेकॉर्डिंग झाल्यावर मी फॉर्म भरायला बसलो. गायिका, आजी. गीतकार? संगीतकार? मी विचारलं, “आजी, गाणं तुमचंच ना?” ती हसली. “मन्हं कसानं? मन्ही सासूनं शे.” शेजारीण म्हणाली, सासूचं तरी कुठलं, तिच्या आईचं. आम्ही ‘पारंपरिक’ लिहिलं आणि सुटलो असं वाटलं. तेव्हा ते खरंही होतं.

पुढे हीच गाणी यूट्यूबवर चढवली आणि काही वर्षांनी आमच्याच गाण्यावर दुसऱ्या कुणाचा तरी मालकीहक्काचा दावा आला. त्याने आजीचं रेकॉर्डिंग उचललं होतं, खाली थोडा बीट टाकला होता आणि आमच्या आधी यूट्यूबच्या यंत्राकडे नोंदवलं होतं. यंत्र फक्त आवाजाशी आवाज ताडून बघतं. सासू, आई, गल्ली त्याला दिसत नाही. हरकत घेतली की समोरच्याला उत्तरासाठी तीस दिवस मिळतात. तेवढ्यात श्रावण संपतो. कानबाईचं गाणं श्रावणानंतर कोण बघणार? दावा आम्ही जिंकलो, हंगाम गेला. तेव्हापासून माझं म्हणणं ठाम झालं आहे. लोकगीत कुणाचं नाही हे मान्य, पण ते त्या दिवशी, त्या सतरंजीवर, त्या तीन गळ्यांतून निघालं ते रेकॉर्डिंग कुणाचं तरी आहे, आणि गाणारीचाही त्यात हक्क आहे. कायदाही हेच सांगतो. त्याच २०१२च्या दुरुस्तीने कलाकाराला व्यापारी वापरातला वाटा दिला. ‘पारंपरिक’ हा शब्द लिहून गाणारीला फुकटात गुंडाळण्याची जी पद्धत आहे, ती मला आता लबाडीच वाटते.

याच्या उलट टोकाची माणसंही येतात. बालकवी आमच्या गावचे. १३ ऑगस्ट १८९०चा जन्म इथला, आणि १९१८ साली भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली अंत. त्यांच्या कवितेला चाल लावायची तर परवानगी कुणाची, असं विचारत हौशी संगीतकार दर वर्षी येतात. कुणाचीच नको, मुदत केव्हाच संपली. बहिणाबाईंचं थोडं वेगळं. त्या १९५१ साली गेल्या आणि ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली १९५२ साली. मरणोत्तर छापलेल्या लिखाणाची साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात, म्हणजे २०१२ संपेपर्यंत थांबणं भाग होतं. १९६१च्या ‘मानिनी’त वसंत पवारांनी बहिणाबाईंना ज्या चाली लावल्या त्या वेगळ्या मालकीच्या, त्यांची मुदत वेगळी मोजायची. हे सगळं मी तोंडपाठ सांगतो तेव्हा समोरचा संगीतकार कंटाळून जातो. पण हेच माझं काम आहे.

व्हीसीडी आली आणि गाण्याला चेहरा लागला. आता नाचणारी हवी, साडी हवी, गाडी हवी, केळीची बाग हवी. आम्ही रावेरकडच्या केळीत, तापीच्या काठावर, पद्मालयच्या तळ्यावर शूटिंग केलं. एका दिवसात तीन गाणी उरकायची. आवाज सांभाळायचे दिवस गेले. लोक गाणं बघू लागले. खर्च वाढला, आणि आठवड्याच्या आत तीच व्हीसीडी बाजारात निम्म्या किमतीला दिसू लागली, कव्हर रंगीत झेरॉक्सचं. मग मोबाइलची कॉलर ट्यून आली. तिथे थोडे पैसे दिसले, पण त्यातला मोठा हिस्सा मोबाइल कंपन्यांकडेच राही. ते प्रकरणही लवकरच आटोपलं.

या सगळ्या वर्षांत एक गोष्ट मात्र सतत वाजत होती, ती म्हणजे वरात. खान्देशी गाण्याची खरी बाजारपेठ लग्न. कानाला गोड लागणारं गाणं आमच्याकडे चालत नाही असं नाही, पण ज्याच्यावर नवरदेवाचे मित्र अर्धा तास नाचतात तेच जगतं. मी गाणं निवडताना डोळे मिटून ऐकत नाही. बँडमधला ट्रंपेटवाला ही सुरावट श्वास न तुटता वाजवू शकेल का, ते बघतो. ट्रंपेटला झेपलं तर गाणं खेडोपाडी जातं. आणि या बाजारपेठेतून आम्हाला मिळतं काय? शून्य. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांत वाजलेल्या गाण्याला रॉयल्टी लागत नाही, कायद्यातच तशी सूट आहे. २०२३च्या जुलैत केंद्र सरकारने ते पुन्हा एकदा जाहीर करून सांगितलं. गोव्यातल्या हॉटेलांवरून या विषयावर कोर्टबाजीही झाली, पण ती पंचतारांकित लग्नं. आमच्या गल्लीतल्या वरातीकडे कोण पैसे मागायला जाईल? मी स्वतः माझ्या पुतण्याच्या वरातीत माझ्याच कंपनीच्या गाण्यावर नाचलो आहे, बँडवाल्याला वरून दोनशे रुपये ओवाळून. गाणं माझं, पैसे मीच दिले.

म्हणून पैसे कुठे आहेत याचा शोध घ्यायचा तो गाण्याच्या बाहेर. कॅसेटच्या काळात ते प्लास्टिकच्या कवचात होते, कॉलर ट्यूनच्या काळात टॉवरवाल्याकडे, आता जाहिरातीत आहेत. आणि कलाकाराचे पैसे स्टेजवर. गाणं चाललं की त्याला कार्यक्रमाच्या सुपाऱ्या येतात. त्यातल्या पुष्कळशा सुपाऱ्या धरणगाव-जळगावच्या नसतात, सुरतच्या असतात. आमच्या स्टेशनवरून जाणारी तापी-खोऱ्याची गाडी अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करत सुरतेला जाते आणि गेल्या दोन-तीन पिढ्यांत तिने अर्धा खान्देश उधना-लिंबायतला नेऊन ठेवला आहे. लूम, डाइंग मिल, रिक्षा, भाजीचा ठेला, आता नगरसेवकसुद्धा. अहिराणी गाण्याचे आकडे संगणकावर उघडले की मला जळगावच्या बरोबरीने सुरत दिसतं. गाव सोडून गेलेला माणूस गावच्या गाण्याला जास्त वेळ देतो. गावातला माणूस ते वरातीत फुकट ऐकतोच.

२०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि चित्र पालटलं. सचिन कुमावत आणि मंडळींचं ‘बबल्या इकस केसावर फुगे’, विनोद कुमावतचं ‘झुमकावाली पोर’ ही गाणी अहिराणीचं एक अक्षर न कळणाऱ्या पुण्या-मुंबईच्या पोरांनी नाचून नाचून गाजवली. ही माणसं कुठल्या मोठ्या कंपनीच्या दारात गेली नाहीत. स्वतः लिहायचं, गायचं, नाचायचं, स्वतःच चढवायचं. माझ्यासारख्या मधल्या माणसाची गरजच काय, असा प्रश्न तेव्हा मला अनेकांनी विचारला, काहींनी आनंदाने. उत्तर सोपं आहे: पहिलं गाणं काढायला माझी गरज नाही. गाणं चालल्यावर त्याच्यावर कोण दावा टाकतो, कोण सिनेमात वापरू म्हणतो, गीतकार मित्र होता तो अचानक वकील घेऊन का येतो, तेव्हा लागते. त्या दिवशी कागद शोधणारे पुष्कळ जण मी पाहिले आहेत.

सिनेमा काढायचं खूळ डोक्यात शिरलं ते मालेगावमुळे. जिल्ह्याने नाशिकचं, बोलीने आमच्या शेजारचं. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेखने २००० साली ‘मालेगाव के शोले’ केला. २००८ सालच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटाने ते जगाला दाखवलं. त्यातला सुपरमॅन झालेला शफीक शेख यंत्रमागावरचा कामगार. २०११ साली कॅन्सरने गेला. २०२४मध्ये रीमा कागतींनी या मंडळींवर ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा सिनेमा केला, तो टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला. लोक या गोष्टीकडे जिद्द, स्वप्न वगैरे म्हणून बघतात. मला त्यात धंद्याची अक्कल दिसली. शुक्रवारी माग बंद, हातात आठवड्याची मजुरी, आणि पडद्यावर आपल्याच गल्लीतला माणूस. समोर कोण बसणार हे नासिरला आधी ठाऊक होतं. आम्हाला खान्देशात तसा शुक्रवार नव्हता. आमचा प्रेक्षक कापूस निघाल्यावर मोकळा होतो, आणि तेव्हा त्याच्या घरी लग्न असतं.

तरी काढला. निर्माता म्हणजे जेवणाची व्यवस्था बघणारा, ही व्याख्या मला पहिल्याच दिवशी पटली. युनिटमधल्या मुंबईच्या पोरांना शेवभाजी तिखट लागे, गावच्या कलाकारांना वरण-बट्टीशिवाय चालत नसे, दोन चुली. कागदपत्रांचं तर विचारू नका. नावाची नोंदणी कोल्हापूरच्या चित्रपट महामंडळात. गोष्टीत पोळ्याचा प्रसंग, म्हणून बैलजोडी. पडद्यावर जनावर दिसणार तर प्राणी कल्याण मंडळाचा दाखला पाहिजे. आमच्याकडे बैलाला घरच्या माणसाआधी नैवेद्य, आणि त्या बैलाला छळलं नाही हे पशुवैद्याच्या सहीने सिद्ध करायचं. म्हातारा ओट्यावर बिडी ओढतो, तर खाली इशारा लिहायचा. म्हाताऱ्याची भूमिका करणाऱ्याने तो बघून बिडी सोडली नाही, पण पुढच्या दृश्यात ती हातात घ्यायला नकार दिला: “माझ्या फोटोखाली कॅन्सर लिहिता का रे?”

सगळ्यांत मोठा तंटा झाला तो कापसावरून. दिग्दर्शकाला पांढरंशुभ्र फुटलेलं शेत हवं होतं, नायिका त्यातून चालत येणार. शेत मिळालं, फुटलेलंही होतं, पण शेतकऱ्याने वेचणीच्या बाया दुसऱ्या दिवशीच्या ठरवल्या होत्या. आम्ही म्हटलं, चार दिवस थांबा. तो म्हणाला, “पाऊस आला तर?” कार्तिक होता, आभाळ निरभ्र. मी त्याला वेचणी लांबवल्याचे पैसे देऊ केले. त्याने बोटांवर हिशोब केला: बायांना दुसरीकडे कामाला जाऊ दिलं तर परत येणार नाहीत, म्हणजे त्यांची चार दिवसांची मजुरी, वाऱ्याने गळून पडेल तो कापूस, आणि पाऊस आलाच तर भिजल्या कापसाच्या भावातला फरक. असा बिनचूक करार मी स्टुडिओतही कधी पाहिला नव्हता. दुसऱ्या रात्री पाऊस आला. सकाळी शेतात बोंडं मातकट होऊन लोंबत होती आणि दिग्दर्शक कपाळाला हात लावून बांधावर बसला होता. शेतकरी त्याच्या शेजारी येऊन बसला आणि त्याला तंबाखू देऊ केली. आम्ही ठरलेले पैसे दिले आणि चालत येण्याचं दृश्य तुरीच्या शेतात केलं. खर्चाच्या वहीत तो कापूस ‘सजावट’ या खात्यात पडला आहे.

थिएटरात आम्हाला दुपारी बाराचा खेळ मिळाला. त्या वेळी आमचा प्रेक्षक शिवारात असतो. पडदा भाड्याचा, सिनेमा डिजिटल पाठवणाऱ्या कंपनीची फी वेगळी, पोस्टर चिकटवणाऱ्याची वेगळी. दोन आठवड्यांनी उतरला. मग यात्रांमधून तंबूत दाखवला, तिथे बरा चालला, आणि शेवटी पुरा सिनेमा नेटवर टाकला. भांडवल निघालं ते मुख्यतः त्यातल्या हळदीच्या गाण्यावर, जे दिग्दर्शकाला सिनेमात नकोच होतं. त्याचं-माझं त्यावरून अजून वाजतं. तो म्हणतो, गाण्याने गोष्ट मोडली. मी म्हणतो, गाण्याने बिल भरलं.

सध्या येतात ती पोरं गाणं आणत नाहीत, तीस सेकंद आणतात. मागच्या लग्नसराईआधी चोपड्याकडचा एक पोरगा आला. मोबाइल टेबलावर ठेवून त्याने तुकडा ऐकवला. झकास होता. म्हटलं, पुढचं कडवं? म्हणाला, “काका, रीलमध्ये एवढंच लागतं.” त्याला कडवी लिहून घ्यायला लावली, मग करार वाचून दाखवला: मुदत किती, प्रदेश कोणता, त्याचा टक्का किती, वर्षातून दोनदा हिशोब. एवढं सगळं मी कुठल्याही कलाकाराला बसवून सांगतो, झोप आली तरी. पोरगा शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, “टक्के बघू नंतर. आत्ता रोख किती देता?” मी विचारलं, कशाला एवढी घाई? तर म्हणाला, तालुक्यातल्या मोठ्या डीजेवाल्यांना द्यायचेत. प्रत्येक वरातीत पहिल्या पाच गाण्यांत आपलं वाजवायचं तर त्यांचा दर ठरलेला आहे.

आकडा वाजवी होता, शेजारच्या कंपन्याही देत होत्या. आम्ही दिला. गाणं त्या उन्हाळ्यात चाललं, सुरतेत जास्त. डीजेवाले पावती देत नाहीत, त्यामुळे ही रक्कम कुठल्या खात्यात टाकायची म्हणून सीएसाहेब मार्चपासून माझ्या मागे लागले आहेत. ‘सजावट’मध्ये टाका म्हटलं, तर ऐकत नाहीत.